मधली तुकडी

वेंगुर्ल्याच्या रुग्णालयात
एक्स-रेच्या खोलीला खिडकी नाही,
तरी बंदराचा वास आत येतोच,
माणसांच्या कपड्यांतून, नखांतून.
आज दुपारी तो बाबुली तोरसकराच्या बनियनमधून आला.

पडला कुठे? होडीवरून नाही.
तीस वर्षं रापण ओढली, तेव्हाही नाही.
स्वतःच्या पडवीत
चप्पल शोधायला वाकला,
आणि खुबा मोडला.

डॉक्टर मॅडम म्हणाल्या, हाडं ठिसूळ झालीत.
तो हसला, कण्हता कण्हता:
"हाडां बायलांची झिजतत. माझी कशी झिजतली?"

मी फिल्म उजेडाकडे धरली.
खाणीतून नुकताच काढलेला चिरा असतो ना,
भोकाभोकांचा, ओला,
तसं दिसत होतं.
फक्त चिरा हवेवर टणक होत जातो.
हे त्याला सांगितलं नाही.
माझं काम एवढंच:
हलू नका. श्वास धरा. सोडा.

"खाता काय?"
उत्तर सुभद्रानं दिलं.
सकाळी चाय नि खारी. दहाला चाय. बर्फाच्या कारखान्यात चाय, पाव.
दूध?
चहात पडेल तेवढं.
नाचणीची भाकरी?
ती रेशनचा तांदूळ आला तेव्हाच गेली.
तंबाखू, विडी, कधीमधी बाटली.
आणि चुना.

इथे मला हसू आलं, तोंड फिरवावं लागलं.
चुन्याची डबी आयुष्यभर कमरेला,
चुना गालात ठेवला, चुना पिंकेतून भिंतीवर गेला,
हाडापर्यंत बोटभरसुद्धा नाही.

"मासे?"
"मासे रोज!" बाबुली स्ट्रेचरवरूनच गरजला.
सुभद्रा पदराचं टोक पिळत म्हणाली,
"सुरमयची मधली तुकडी ह्यांका. जाड.
घरधनी ना."

मग ती कुणी न विचारता सांगत राहिली:
पेडवे तिनं खाल्ले, मुलींनी खाल्ले,
तव्यावर कडक करून, काट्यासकट.
मांदेली डोक्यासकट.
बांगड्याचं डोकं चोखून, मग फोडून.
मडक्याच्या तळाची आंबील.
शेगलाच्या पाल्याची भाजी,
जी पुरुषांच्या पानात वाढली
की विचारायचे, गोठ्यातलं ताट इथे कसं आलं?

मान म्हणून वाढली ती तुकडी,
आणि मानातून नेमका काटाच वगळला गेला.

सगळं ताटानंच केलं असं मी म्हणत नाही.
विडी आहे, वय आहे,
रापण सुटल्यावर बारा वर्षं रात्रपाळी आहे,
दिवस बंद दाराआड झोपून काढलेले.
सुभद्रा बाकावरून हात न टेकता उठली खरी.
पण तिची हाडं कशी आहेत कुणाला ठाऊक,
तिचा एक्स-रे कुणी काढलेलाच नाही.

रात्री घरी.
बायकोनं सरंग्याची मधली तुकडी माझ्या पानात ठेवली.
मी तिच्या पानात पाहिलं, लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर:
दोन डोकी, चार पेडवे.
म्हटलं, आज ते मला दे.

तिनं ताट स्वतःकडे ओढलं.
"व्हय तर! ह्यो माझो वाटो."

बराच वेळ भात कालवत बसली.
मग एक पेडवा, सगळ्यात लहान,
माझ्या भाताच्या कडेला ठेवला.
काटा हिरडीत रुतला, मी थांबलो.
"गिळू नको," ती म्हणाली, "चावन खा."